समाजशास्त्रीय सिद्धांतांचा विकास

मानवी समाजाची घडण, त्याचे स्थैर्य आणि त्यात होणारे परिवर्तन यांचा कार्यकारणभाव स्पष्ट करणाऱ्या सुसंगत विधानांच्या समुच्चयास समाजशास्त्रीय सिद्धांत असे म्हणतात. समाजाविषयीच्या सर्वसाधारण मतांपासून असा सिद्धांत वेगळा असतो. कारण त्यातील संकल्पना निश्चित अर्थाने वापरलेल्या असतात, त्यातील विधाने परस्परांशी तर्काने जोडलेली असतात आणि प्रत्यक्ष सामाजिक अनुभवाच्या कसोटीवर ती पारखता येतात. भौतिक विज्ञानांत नवा सिद्धांत प्रस्थापित झाला की जुना बहुधा मागे पडतो. समाजशास्त्रात मात्र परस्परविरोधी सिद्धांत दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदताना आढळतात. प्रत्येक सिद्धांत समाजातील काही बाबी ठळकपणे दृष्टीस आणतो व काही बाबी त्याच्या कक्षेबाहेर राहतात, हे याचे मुख्य कारण होय. समाज एकसंध राहतो कसा, तो बदलतो कसा आणि व्यक्ती ही समाजाची निर्मिती आहे की समाज हा व्यक्तींच्या कृतींची निष्पत्ती आहे, या तीन प्रश्नांभोवती समाजशास्त्रीय सिद्धांतांचा विकास झालेला दिसतो.

पूर्वपीठिका : समाजजीवनाविषयीचे चिंतन प्राचीन काळापासून चालत आले असले, तरी ते प्रायः धर्मशास्त्र, राजनीती व नीतिशास्त्र यांच्या अंगाने झाले. आदर्श समाज कसा असावा, हा त्याचा विषय होता. प्रत्यक्षातील समाज कसा असतो व तो तसा का असतो, हा प्रश्न गौण मानला जाई. यास ठळक अपवाद म्हणजे उत्तर आफ्रिकेतील अरबी इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६). मुकद्दिमा (१३७७) या ग्रंथात त्याने राजवंशांच्या उदयास्ताची मीमांसा करताना ‘असबिय्या’ म्हणजे समूहांतर्गत ऐक्यभावना ही संकल्पना मांडली. वाळवंटातील टोळ्यांमध्ये हा ऐक्यभाव प्रखर असतो. नगरांतील सुखासीन जीवनात तो क्षीण होतो व नवी टोळी सत्ता काबीज करते, असे त्याचे प्रतिपादन होते. यूरोपमध्ये माँतेस्क्यू (१६८९–१७५५) याने द स्पिरिट ऑफ लॉज (१७४८) या ग्रंथात कायद्यांचा संबंध हवामान, अर्थव्यवहार, धर्म व चालीरीती यांच्याशी जोडला, तर ॲडम फर्ग्युसन (१७२३–१८१६) याने समाजसंस्था या कोणा एकाच्या योजनेतून निर्माण होत नसून अनेकांच्या कृतींतून नकळत आकारास येतात, असे दाखवून दिले.

स्वतंत्र शास्त्र म्हणून समाजशास्त्राचा उदय मात्र एकोणिसाव्या शतकातील उलथापालथीतून झाला. फ्रेंच राज्यक्रांतीने (१७८९) राजसत्ता, सरंजामशाही व चर्च यांचे परंपरागत अधिष्ठान उखडून काढले. औद्योगिक क्रांतीने गावोगावचे कारागीर व शेतमजूर कारखान्यांच्या शहरांत आणून सोडले. जुनी बंधने तुटली असता समाज कशाच्या आधारावर एकत्र राहणार, ही त्या काळची खरीखुरी चिंता होती. आरंभीच्या सर्वच सिद्धांतांच्या मुळाशी ती आढळते.

प्रत्यक्षार्थवाद व क्रमविकासवाद : फ्रेंच विचारवंत ऑग्यूस्त काँत (१७९८–१८५७) याने प्रत्यक्षार्थवादी तत्त्वज्ञानावरील आपल्या सहा खंडांच्या ग्रंथात (१८३०–४२) समाजाच्या शास्त्राची रूपरेषा मांडली. या शास्त्राला त्याने प्रथम ‘सामाजिक भौतिकी’ असे म्हटले होते. पुढे त्याने ‘सोशिऑलॉजी’ ही संज्ञा प्रचारात आणली. मानवी बुद्धी धर्मशास्त्रीय, तत्त्वमीमांसात्मक व प्रत्यक्षार्थवादी अशा तीन अवस्थांतून जाते, असा त्याचा नियम होता. समाजाच्या सुव्यवस्थेचा अभ्यास करणारे स्थितिशास्त्र आणि प्रगतीचा अभ्यास करणारे गतिशास्त्र असे समाजशास्त्राचे दोन भाग त्याने कल्पिले. काँतच्या ग्रंथाचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद (१८५३) करणाऱ्या हॅरिएट मार्टिनो (१८०२–७६) या इंग्रज विदुषीने त्यापूर्वीच समाजनिरीक्षणाच्या पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता (१८३८). लोकशाहीची तत्त्वे आणि गुलामगिरी व स्त्रियांचे पारतंत्र्य यांतील विसंगती तिने अमेरिकेच्या संदर्भात निदर्शनास आणली.

हर्बर्ट स्पेन्सर (१८२०–१९०३) याने समाजाची तुलना सजीव शरीराशी केली. समाजाचा आकार वाढतो, तसे त्याचे अवयव भिन्न होत जातात व परस्परांवर अधिकाधिक अवलंबून राहतात. लष्करी समाजाकडून औद्योगिक समाजाकडे आणि सक्तीकडून स्वेच्छेच्या सहकार्याकडे मानवाची वाटचाल होते, असे त्याचे मत होते. राज्यसंस्थेने या नैसर्गिक क्रमात हस्तक्षेप करू नये, असा निष्कर्षही त्याने यातून काढला. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांच्या विचारांवर जॉन स्ट्यूअर्ट मिल व स्पेन्सर यांचा प्रभाव होता. तथापि स्पेन्सरच्या तत्त्वज्ञानाचा इंग्लंड-अमेरिकेत गरिबांना साहाय्य न करण्याच्या समर्थनासाठी उपयोग झाला, तर आगरकरांनी रूढींची चिकित्सा व समाजसुधारणा यांसाठी बुद्धिवादाचा आश्रय घेतला. एकाच सिद्धांतप्रवाहातून भिन्न सामाजिक निष्कर्ष निघू शकतात, याचे हे उदाहरण होय. सर्व समाज एकाच वाटेने जातात व यूरोप हा त्या वाटेवर सर्वांच्या पुढे आहे, हे क्रमविकासवादाचे गृहीतक पुराव्यांअभावी विसाव्या शतकाच्या आरंभी मागे पडले.

मार्क्सचा ऐतिहासिक भौतिकवाद : समाजातील सुसंवादावर भर देणाऱ्या वरील विचारांहून वेगळी दिशा कार्ल मार्क्स (१८१८–८३) व फ्रीड्रिख एंगल्स (१८२०–९५) यांनी दिली. मार्क्सच्या मते उत्पादनाची साधने व त्यांच्या मालकीचे संबंध हा समाजाचा पाया असून कायदा, राजकारण, धर्म व विचारप्रणाली यांची इमारत त्यावर उभी असते. उत्पादनशक्तींची वाढ आणि प्रस्थापित मालकीसंबंध यांत विरोध निर्माण झाला की वर्गसंघर्ष तीव्र होतो व समाजव्यवस्था पालटते. भांडवलशाहीत कामगार आपली श्रमशक्ती विकतो; त्याच्या श्रमातून निर्माण होणारे वरकड मूल्य भांडवलदाराकडे जाते आणि कामगार आपल्या श्रमापासून, श्रमाच्या फळापासून व सहकाऱ्यांपासून परात्म होतो. कॅपिटल या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. सामाजिक विषमता ही निसर्गदत्त नसून ती इतिहासक्रमात निर्माण झालेली व म्हणूनच बदलता येण्याजोगी आहे, हा विचार मार्क्सने समाजशास्त्राला दिला. मात्र धर्म, राष्ट्र, वंश, लिंग यांवर आधारलेल्या विषमतांचे स्वरूप केवळ आर्थिक पायावरून उलगडत नाही, असा आक्षेप पुढे घेण्यात आला.

द्यूरकेम व सामाजिक तथ्ये : एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) याने समाजशास्त्राला विद्यापीठीय प्रतिष्ठा व अभ्यासपद्धती मिळवून दिली. समाज ही व्यक्तींच्या बेरजेहून वेगळी वस्तू आहे; भाषा, कायदा, चलन, रूढी ही व्यक्तीच्या बाहेर असणारी व तिच्यावर दडपण आणणारी ‘सामाजिक तथ्ये’ असून त्यांची कारणे अन्य सामाजिक तथ्यांतच शोधली पाहिजेत, असे त्याने द रूल्स ऑफ सोशिऑलॉजिकल मेथड (१८९५) या ग्रंथात प्रतिपादन केले. श्रमविभागणीवरील आपल्या प्रबंधात (१८९३) त्याने समाजाच्या ऐक्याचे दोन प्रकार सांगितले. साध्या समाजात लोक परस्परांसारखे असल्यामुळे ‘यांत्रिक’ ऐक्य नांदते, तर आधुनिक समाजात लोक परस्परांहून भिन्न व म्हणूनच परस्परावलंबी असल्यामुळे ‘सेंद्रिय’ ऐक्य निर्माण होते. मात्र श्रमविभागणी लादलेली असेल, म्हणजे माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून न ठरता जन्मावरून वा बळजबरीने ठरत असेल, तर असे ऐक्य निर्माण होत नाही, हेही त्याने स्पष्ट केले.

द्यूरकेमचा आत्महत्येवरील ग्रंथ (१८९७) हा सिद्धांत आणि आकडेवारी यांची सांगड घालण्याचा आदर्श मानला जातो. आत्महत्या ही वरकरणी सर्वांत वैयक्तिक कृती. तथापि निरनिराळ्या समूहांतील तिचे प्रमाण वर्षानुवर्षे बरेचसे स्थिर असते. कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत व विवाहितांपेक्षा अविवाहितांत हे प्रमाण अधिक आढळले. समूहाशी असलेले बंध शिथिल झाल्याने वा समाजातील नियमन ढासळल्याने ते वाढते, असा निष्कर्ष त्याने काढला. यांपैकी नियमनाच्या अभावाची अवस्था ‘ॲनॉमी’ या नावाने ओळखली जाते. जॅक डग्लस या अमेरिकन अभ्यासकाने १९६७ मध्ये या विवेचनावर मूलगामी आक्षेप घेतला. कोणता मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवावयाचा, हे अधिकारी, वैद्य व नातेवाईक यांच्या अर्थनिर्णयावर अवलंबून असते. घट्ट बंध असलेल्या समूहात तो मृत्यू लपविला जाण्याचा संभवही अधिक असतो. म्हणजे ज्यांना द्यूरकेमने तथ्ये मानले, तीच सामाजिक व्यवहारातून घडलेली असतात. हा आक्षेप ज्या विचारातून निघाला, त्याचा पाया जर्मनीत घातला गेला होता.

वेबर व अर्थग्राही समाजशास्त्र : माक्स वेबर (१८६४–१९२०) याच्या मते माणसे आपल्या कृतींना अर्थ देतात, म्हणून त्या कृतींचा अर्थ जाणून घेतल्यावाचून त्यांची कारणमीमांसा पूर्ण होत नाही. समाजव्यवहाराची तुलना करण्यासाठी त्याने ‘आदर्श प्रारूप’ हे साधन सुचविले. येथे ‘आदर्श’ याचा अर्थ अनुकरणीय असा नसून एखाद्या घटनेची ठळक लक्षणे तर्कशुद्ध रीतीने एकत्र करून तयार केलेला मानसिक नमुना असा आहे. परंपरागत, विभूतिमत्त्वावर आधारलेली आणि कायदेशीर-विवेकी असे अधिसत्तेचे तीन प्रकार हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांवरील निबंधात (१९०४–०५) त्याने कॅल्व्हिनपंथीयांची शिस्त, काटकसर व व्यवसायनिष्ठा ही आधुनिक भांडवलशाहीच्या वाढीस पोषक ठरली, असे दाखविले. अर्थकारण विचारांना घडविते तसे विचारही अर्थकारणाला दिशा देतात, असे मार्क्सच्या विवेचनास पूरक आणि विरोधीही असे हे मत होते. वर्ग, दर्जा व पक्ष या सत्तेच्या तीन बाजू वेगळ्या करून त्याने विषमतेच्या अभ्यासाला व्यापक चौकट दिली. याच चौकटीत त्याने जात हा अत्यंत बंदिस्त असा दर्जासमूह मानला.

याच काळात फेर्डिनांट टनीस (१८५५–१९३६) याने जिव्हाळ्याचा समुदाय व कराराधिष्ठित समाज यांतील भेद विशद केला (१८८७), तर गेओर्ख झिमेल (१८५८–१९१८) याने स्पर्धा, तंटा, गुप्तता, परकेपणा यांसारख्या आंतरक्रियांच्या रूपांचे सूक्ष्म विश्लेषण केले.

प्रतीकात्मक आंतरक्रियावाद : अमेरिकेत शिकागो विद्यापीठात १८९२ मध्ये समाजशास्त्राचा विभाग स्थापन झाला. स्थलांतरितांनी गजबजलेले शिकागो शहर हीच तेथील अभ्यासकांची प्रयोगशाळा होती. विल्यम टॉमस व फ्लोरियान झ्नान्येत्स्की यांनी पोलिश शेतकऱ्यांच्या स्थलांतराचा अभ्यास (१९१८–२०) करताना खाजगी पत्रांचा व आत्मकथनाचा उपयोग केला. जॉर्ज हर्बर्ट मीड (१८६३–१९३१) याने ‘स्व’ची जाणीव जन्मजात नसून इतरांच्या दृष्टीने स्वतःकडे पाहण्याच्या प्रक्रियेतून ती घडते, असे प्रतिपादन केले, त्याची व्याख्याने विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हर्बर्ट ब्लूमर (१९००–८७) याने १९३७ मध्ये या विचारास ‘प्रतीकात्मक आंतरक्रियावाद’ असे नाव दिले. पुढे अर्व्हिंग गॉफमन (१९२२–८२) याने दैनंदिन व्यवहाराची तुलना रंगभूमीशी करून माणसे परस्परांसमोर स्वतःची प्रतिमा कशी सादर करतात, याचे विवेचन केले.

शिकागोच्या परंपरेपूर्वीच डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस (१८६८–१९६३) या कृष्णवर्णीय विद्वानाने फिलाडेल्फिया शहरातील निग्रो वस्तीची घरोघर पाहणी करून सिद्ध केलेला ग्रंथ १८९९ मध्ये प्रकाशित केला होता. तेथील दारिद्र्य व गुन्हेगारी यांचे मूळ वंशात नसून भेदभाव व सामाजिक परिस्थिती यांत आहे, हे त्याने दाखविले. तरीही समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याला दीर्घकाळ स्थान मिळाले नाही. कोणाचा सिद्धांत सिद्धांत म्हणून गणला जातो, हादेखील एक सामाजिक प्रश्न आहे, याची जाणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली.

संरचनात्मक प्रकार्यवाद : दुसऱ्या महायुद्धानंतर सु. दोन दशके प्रकार्यवादाचा प्रभाव होता. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोस्की व ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानवशास्त्रज्ञांनी सामाजिक संस्थांचे स्पष्टीकरण त्यांच्या उगमापेक्षा त्यांच्या कार्यावरून करण्याचा पायंडा पाडला होता. टॉलकॉट पार्सन्झ (१९०२–७९) याने द स्ट्रक्चर ऑफ सोशल ॲक्शन (१९३७) व द सोशल सिस्टिम (१९५१) या ग्रंथांतून त्यास व्यापक सिद्धांताचे रूप दिले. त्याच्या मते कोणत्याही समाजव्यवस्थेला टिकण्यासाठी परिस्थितीशी जुळवून घेणे, उद्दिष्टे साध्य करणे, घटकांचे एकात्मीकरण करणे आणि मूल्यांचे जतन करणे या चार गरजा भागवाव्या लागतात. सामायिक मूल्यांचे सामाजीकरणाद्वारे आत्मसातीकरण हा सुव्यवस्थेचा आधार होय.

रॉबर्ट मर्टन (१९१०–२००३) याने या विचारातील अतिव्याप्ती दूर केली. प्रत्येक प्रथा समाजाला उपकारकच असते असे नाही. ती अपकार्यही करते. तिचे एक व्यक्त व एक अव्यक्त कार्य असू शकते. सर्व समाजाला लागू पडणाऱ्या महासिद्धांताऐवजी मर्यादित क्षेत्राचे, पडताळता येण्याजोगे ‘मध्यम पल्ल्याचे’ सिद्धांत रचावेत, असे त्याने सुचविले. प्रथेचा लाभ नेमका कोणाला होतो, हा त्याचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरला.

या प्रश्नाचे महत्त्व विषमतेच्या वादात दिसून आले. किंग्झली डेव्हिस व विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये असे मत मांडले, की महत्त्वाच्या पदांवर योग्य माणसे यावीत यासाठी त्या पदांना अधिक मोबदला द्यावाच लागतो; म्हणून स्तरीकरण हे सर्व समाजांना आवश्यक आहे. मेल्व्हिन ट्यूमिन याने १९५३ मध्ये त्यास उत्तर दिले : कोणते पद महत्त्वाचे हे मोबदल्यावरूनच ठरविले, तर युक्तिवाद चक्राकार होतो, शिवाय विषमता स्थिरावली की खालच्या स्तरांतील गुणवत्तेला संधीच मिळत नाही व समाजाचे नुकसान होते.

संघर्ष सिद्धांत व चिकित्सक परंपरा : प्रकार्यवाद समाजातील सत्ता व बळजबरी यांकडे दुर्लक्ष करतो, अशी टीका १९५० नंतर वाढत गेली. सी. राइट मिल्स (१९१६–६२) याने अमेरिकेतील सत्ताधारी अभिजनांचे विश्लेषण केले (१९५६) आणि वैयक्तिक अडचण व सार्वजनिक प्रश्न यांतील दुवा ओळखण्याच्या क्षमतेस समाजशास्त्रीय कल्पकता असे संबोधिले (१९५९). राल्फ डारेनडॉर्फ (१९२९–२००९) याने संघर्षाचे मूळ मालकीपेक्षा अधिकाराच्या वाटपात पाहिले, तर लूइस कोझर (१९१३–२००३) याने संघर्षही समूहाचे ऐक्य वाढवू शकतो, असे दाखविले. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक संशोधन संस्थेतील माक्स होर्कहायमर, टेओडोर आडोर्नो प्रभृतींनी मार्क्सच्या विचाराला संस्कृतीच्या चिकित्सेची जोड दिली. नाझी राजवटीमुळे या अभ्यासकांना देशत्याग करावा लागला. विवेकाच्या नावाने झालेली प्रगती मानवाच्या दास्याला कशी कारण होऊ शकते, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. त्याच परंपरेतील युर्गेन हाबरमास (जन्म १९२९) याने बळजबरीपासून मुक्त अशा संवादाच्या शक्यतेवर आपला सिद्धांत उभारला (१९८१).

दुसऱ्या बाजूने जॉर्ज होमन्स (१९१०–८९) व पीटर ब्लाउ (१९१८–२००२) यांनी सामाजिक संबंधांचे विवरण लाभ-हानीच्या देवघेवीच्या रूपात केले. हा विनिमय सिद्धांत होय. आल्फ्रेड शुट्स (१८९९–१९५९) याच्या विचारांवर आधारून पीटर बर्जर व टोमास लुकमान यांनी सामाजिक वास्तव माणसेच घडवितात व नंतर ते त्यांना बाह्य आणि अटळ वाटू लागते, असे मांडले (१९६६). हॅरल्ड गार्फिंकेल (१९१७–२०११) याने रोजच्या व्यवहारातील गृहीत नियम मुद्दाम मोडून ते नियम किती नाजूक व तरीही किती बंधनकारक असतात, हे प्रयोगांनी दाखविले.

समन्वयाचे प्रयत्न व नवे प्रवाह : संरचना की कृती, हा वाद मिटविण्याचे प्रयत्न १९७० नंतर झाले. प्येर बूर्द्य (१९३०–२००२) याच्या मते बालपणापासूनची परिस्थिती माणसाच्या अंगवळणी पडते; त्याची बोलण्याची ढब, आवडनिवड व आत्मविश्वास त्यातून घडतात. शाळा या गोष्टींना गुणवत्ता समजून पुरस्कृत करते व अशा रीतीने ‘सांस्कृतिक भांडवल’ असलेल्या घरांतील मुले पुढे जातात. अँटनी गिडन्झ (जन्म १९३८) याने संरचना ही कृतीला बंधनही घालते व ती शक्यही करते, असा विचार मांडला (१९८४). मीशेल फूको (१९२६–८४) याने तुरुंग, रुग्णालय, शाळा यांतील शिस्तीच्या अभ्यासातून ज्ञान आणि सत्ता यांचे अतूट नाते स्पष्ट केले.

स्त्रीवादी अभ्यासकांनी सिद्धांतांच्या मूळ चौकटीलाच आव्हान दिले. ॲन ओकली हिने १९७४ मध्ये घरकामाचा श्रम म्हणून अभ्यास केला. तोवर तो विषय समाजशास्त्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. डॉरोथी स्मिथ (१९२६–२०२२) हिने समाजशास्त्रातील ज्ञान पुरुषांच्या स्थानावरून रचले गेले असल्याचे दाखवून स्त्रियांच्या दैनंदिन अनुभवापासून विवेचनास आरंभ करावा, असे सुचविले. इमॅन्युएल वॉलरस्टीन (१९३०–२०१९) याने केंद्र, अर्धपरिघ व परिघ यांनी बनलेली जागतिक व्यवस्था हा अभ्यासाचा घटक मानला (१९७४), तर उलरिख बेक (१९४४–२०१५) याने औद्योगिक प्रगतीतूनच उद्‌भवणाऱ्या धोक्यांचा समाज ही संकल्पना पुढे आणली (१९८६).

भारतातील विकास : यूरोप-अमेरिकेत घडलेल्या या सिद्धांतांची भारतात जातिव्यवस्थेच्या अभ्यासात कसोटी लागली. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. गो. स. घुर्ये (१८९३–१९८३) यांनी १९२४ पासून त्याची धुरा वाहिली. त्यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये दीर्घकाळ संशोधन केले. एकसंध समाजाची शकले होऊन जाती झाल्या, हे मत त्यांना मान्य नव्हते. मुळात स्वतंत्र असलेले नातेसमूह एकत्र येऊन जातिसमाज बनला, असे त्यांचे प्रतिपादन होते. एम. एन. श्रीनिवास (१९१६–९९) यांनी संस्कृतीकरणाची संकल्पना मांडली (१९५२), तर अ. र. देसाई (१९१५–९४) यांनी भारतीय राष्ट्रवादाचे मार्क्सवादी विवेचन केले (१९४८).

या सर्वांच्या आधी डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीची उपपत्ती मांडली होती. अंतर्विवाह हे त्यांनी जातीचे मूळ लक्षण मानले. वर्गाने या बंधनाने स्वतःभोवती कुंपण घातले की त्याची जात बनते. हे कुंपण टिकविण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा उपयोगी पडल्या आणि वरच्यांच्या अनुकरणाने ते कुंपण इतरांत पसरले. अनुकरणाच्या विवेचनात त्यांनी गाब्रीएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला. जात व स्त्रियांवरील नियंत्रण यांचा संबंध या निबंधात स्पष्ट झाला. पुढे शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी पुण्यातून दलित स्त्रीवादी भूमिकेची जी सैद्धांतिक मांडणी केली (१९९८), तीत हा संबंध केंद्रस्थानी आहे.

सिद्धांताने दृष्टी कशी बदलते, हे महाराष्ट्रातील बलुतेदारीच्या उदाहरणाने स्पष्ट होते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग आदी बलुतेदार गावाची कामे करीत व सुगीच्या वेळी धान्याचा ठरीव वाटा घेत. प्रकार्यवादी दृष्टीने ही परस्परावलंबनाची व्यवस्था ठरते. विल्यम वायझर याने उत्तर प्रदेशातील एका गावाच्या अभ्यासावरून (१९३६) तेथील जजमानी पद्धतीचे असेच वर्णन केले होते. तथापि टी. ओ. बायडेलमन याने १९५९ मध्ये त्याच पद्धतीत जमीनमालकांची सत्ता व शोषण पाहिले. महारांची वतनी कामे घ्यावयाची, त्यांना कोणत्याही वेळी राबवावयाचे आणि मोबदल्याची शाश्वती नाही, या स्थितीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. अशी कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. सेंद्रिय ऐक्यासाठी श्रमविभागणी लादलेली असता कामा नये, ही द्यूरकेमची अट येथे आठवावी लागते. आंबेडकरांच्या मते तर जातीने केवळ कामांची वाटणी झालेली नसून काम करणाऱ्या माणसांचीच चढत्या-उतरत्या पायऱ्यांवर फाळणी झालेली आहे.

वर्गसिद्धांताचीही मर्यादा मुंबईच्या कापडगिरण्यांत दिसली. रेल्वेमुळे येणारी आधुनिक उद्योगव्यवस्था जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील, अशी अपेक्षा मार्क्सने १८५३ मध्ये व्यक्त केली होती. प्रत्यक्षात गिरण्यांतील अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे व त्यामुळे विटाळ होतो, असे इतर कामगार मानीत. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे मांडला. मजूर म्हणून एका वर्गात असलेल्या माणसांत जातीची भिंत कायम होती.

मूल्यमापन : समाजशास्त्रीय सिद्धांतांचा इतिहास हा चुकीच्या मतांची जागा बिनचूक मतांनी घेण्याचा सरळ क्रम नव्हे. प्रकार्यवादाने व्यवस्थेच्या टिकण्याचे, संघर्ष सिद्धांताने तिच्यातील सत्तेचे, आंतरक्रियावादाने तिच्या दैनंदिन अर्थाचे आणि स्त्रीवादी व दलित विचाराने तिच्यातील अदृश्य राहिलेल्या अनुभवाचे ज्ञान दिले. या सिद्धांतांना सारखेच खरे मानावे, असा याचा अर्थ नाही. ज्या सिद्धांताला आपल्या विरोधी पुराव्यास सामोरे जाता येते, तो अधिक समर्थ ठरतो. आणि असा पुरावा बहुधा त्या व्यवस्थेत सर्वाधिक सोसणाऱ्यांच्या अनुभवातून पुढे येतो, असे ड्यू बॉइस, ओकली व आंबेडकर यांच्या कार्यावरून दिसून येते. समाजातील एखादी रीत अटळ आहे की मनुष्यनिर्मित, याविषयीच्या निर्णयावर शिक्षण, कामगार, विवाह व आरक्षण यांसंबंधीची धोरणे अवलंबून असतात. त्यामुळे सिद्धांतांची चिकित्सा ही अभ्यासकांपुरती मर्यादित न राहता सार्वजनिक जीवनाचीही गरज ठरते.